कालव्याचे टोक तेच सीमेचे टोक

५ डिसेंबर १९२५ रोजी पंजाबातील फिरोजपूर येथे एका कालव्याची पायाभरणी झाली. सतलजचे पाणी बिकानेर संस्थानच्या वाळवंटात नेणारा हा गंग कालवा. ५ डिसेंबर २०२५ रोजी त्या घटनेला शंभर वर्षे पूर्ण झाली. एखाद्या परक्या देशात असा कालवा असता, तर त्याचा इतिहास शाळेच्या पाठ्यपुस्तकात असता, मुलांच्या सहली तेथे गेल्या असत्या आणि त्याच्या शताब्दीनिमित्त देशभर विचारमंथन झाले असते. आपल्याकडे मात्र ‘गंग कालवा’ हे नाव उच्चारल्यावर दहांतले नऊ सुशिक्षित लोक तो गंगा नदीचा कालवा समजतात. राष्ट्राच्या सीमेविषयीचे आपले अज्ञान किती खोल आहे, हे समजण्यासाठी आणखी पुरावा शोधण्याची गरज नाही.

२२ एप्रिल २०२५ रोजी पहलगाम येथे २६ निरपराध माणसांची हत्या झाली. दुसऱ्याच दिवशी भारताने सिंधू पाणीवाटप करार स्थगित केल्याचे जाहीर केले. देशभर त्याचे स्वागत झाले आणि ते योग्यच होते. रक्त आणि पाणी एकत्र वाहू शकत नाही, ही भूमिका स्वाभिमानी राष्ट्राला शोभणारी आहे. त्या दिवसापासून चिनाब आणि झेलम ही नावे घरोघरी पोहोचली. परंतु या जल्लोषात एक साधा प्रश्न कोणी विचारला नाही. ज्या तीन नद्यांचे पाणी कराराने निर्विवादपणे आपलेच होते, त्या रावी, बियास आणि सतलजच्या पाण्याचे आपण साठ-पासष्ट वर्षांत काय केले? ते पाणी आपल्या शेवटच्या शेतापर्यंत पोहोचविले काय? या प्रश्नाचे उत्तर दिल्लीच्या वातानुकूलित चर्चासत्रांत सापडणार नाही. ते सतलजकाठच्या हुसैनीवाला येथे आणि तेथून निघणाऱ्या कालव्याच्या शेवटच्या चारीवर सापडेल.

छप्पनियाचा दुष्काळ आणि एका राजाचा संकल्प

विक्रम संवत १९५६, म्हणजे इ. स. १८९९-१९०० हे वर्ष राजस्थानच्या लोकस्मृतीत ‘छप्पनिया’ या एकाच शब्दाने ओळखले जाते. त्या दुष्काळात मारवाड आणि बिकानेरची गावेच्या गावे ओस पडली. गुरे तडफडून मेली आणि माणसे चाऱ्या-पाण्याच्या शोधात परमुलखात गेली. बिकानेरच्या गादीवर त्या वेळी अवघ्या एकोणीस वर्षांचे महाराजा गंगासिंह होते. दुष्काळी कामे काढून माणसे जगविता येतात, पण दर काही वर्षांनी येणाऱ्या मरणावर तो उपाय नव्हे. उपाय एकच, नदी वाळवंटात आणणे, हा निश्चय त्या तरुण राजाच्या मनात तेव्हापासून रुजला.

हा निश्चय प्रत्यक्षात येण्यास पाव शतक लागले. अडथळा वाळूचा नव्हता, राजकारणाचा होता. बिकानेरच्या हद्दीतून सतलज वाहत नाही, म्हणून तिच्या पाण्यावर बिकानेरचा हक्क नाही, असा युक्तिवाद पंजाब प्रांत आणि बहावलपूर संस्थान यांच्याकडून केला जात होता. अखेर पाण्याचा विनियोग प्रांतांच्या आणि संस्थानांच्या सीमा न पाहता लोकहिताच्या दृष्टीने व्हावा, हे तत्त्व मान्य झाले आणि ४ सप्टेंबर १९२० रोजी पंजाब, बहावलपूर व बिकानेर यांच्यात सतलज खोरे प्रकल्पाचा त्रिपक्षीय करार झाला. वाचकांनी हे तत्त्व ध्यानात ठेवावे. परक्यांच्या राजवटीत जे मान्य झाले, ते स्वराज्यात अनेकदा नाकारले गेले आहे, हे पुढे दिसेल.

२६ ऑक्टोबर १९२७ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते कालव्याचे उद्घाटन झाले. पंडित मदनमोहन मालवीय त्या समारंभास उपस्थित होते. महाराजा गंगासिंह पुढे मालवीयजींच्या बनारस हिंदू विश्वविद्यालयाचे कुलपती झाले, हाही योगायोग म्हणता येणार नाही. विद्या आणि पाणी या दोन्ही गोष्टी समाजाच्या शेवटच्या माणसापर्यंत गेल्या पाहिजेत, ही दृष्टी एकच होती. वाळूत पाणी जिरून जाऊ नये म्हणून या कालव्याला चुना-कंकराचे अस्तर देण्यात आले होते. त्या काळात एवढ्या लांबीचा अस्तरित कालवा ही जगातील अभियंत्यांच्या कुतूहलाची गोष्ट होती. जेथे वाळूचे धोरे होते, तेथे गहू, हरभरा, कापूस आणि पुढे किन्नूच्या बागा उभ्या राहिल्या. रामनगर नावाच्या एका लहानशा वस्तीचे श्रीगंगानगर झाले. आजही सुमारे तीन लाख हेक्टर लाभक्षेत्राचा हा कालवा आधार आहे. तेथील अनेक गावांना नावेसुद्धा नाहीत. वितरिकेचे अक्षर आणि चकाचा आकडा हाच त्यांचा पत्ता. गावाची ओळखच पाण्याच्या वाटेवरून ठरावी, असे दुसरे उदाहरण सापडणे कठीण.

रेषा सरकली म्हणून वाचलेले पाणी

या कालव्याचा खरा कस लागला तो ऑगस्ट १९४७ मध्ये. कालव्याचे लाभक्षेत्र बिकानेरमध्ये होते, परंतु त्याचे मस्तक, म्हणजे हुसैनीवालाचे हेडवर्क्स, पंजाबच्या फिरोजपूर तहसिलीत होते. ८ ऑगस्ट रोजी व्हाइसरॉयच्या कार्यालयातून लाहोरला जो कच्चा नकाशा गेला, त्यात फिरोजपूर आणि झिरा या दोन्ही तहसिली पाकिस्तानात दाखविल्या होत्या. बिकानेर हादरले. शरीर हिंदुस्थानात आणि गळा पाकिस्तानच्या हातात, अशी ती अवस्था होती.

बिकानेरचे मुख्य अभियंता कंवर सेन यांनी या दिवसांविषयी आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे. महाराजा सादूलसिंहांचा निरोप घेऊन ते दिल्लीस धावले. हेडवर्क्स पाकिस्तानात गेले तर प्रजेच्या जगण्यासाठी बिकानेरला वेगळा विचार करावा लागेल, हे त्यांनी माउंटबॅटन यांच्या कानावर घातले. १७ ऑगस्ट रोजी निवाडा प्रसिद्ध झाला, तेव्हा फिरोजपूर आणि झिरा हिंदुस्थानात होते. सतलजच्या पूर्वेकडील पट्ट्याविषयी आपण साशंक होतो, परंतु रेल्वे आणि पाण्याची व्यवस्था विस्कळीत होणे दोन्ही देशांच्या हिताचे नाही, असे कारण रॅडक्लिफ यांनी आपल्या निवाड्यात नोंदविले. रॅडक्लिफ यांचे सचिव ख्रिस्तोफर ब्यूमाँट यांनी १९९२ मध्ये यामागे माउंटबॅटन यांचा दबाव असल्याचे सांगितले आणि पाकिस्तानचा जुना आक्रोश पुन्हा उफाळून आला.

पाकिस्तानने आक्रोश करावा, हे समजण्यासारखे आहे. आपल्या देशातील काही इतिहासकारही या घटनेकडे अपराधी नजरेने पाहतात, हे मात्र अनाकलनीय आहे. त्यांना एकच प्रश्न विचारावासा वाटतो. हेडवर्क्स सीमेपलीकडे गेले असते, तर वाळवंटातल्या त्या लाखो माणसांनी काय प्यायचे होते? १ एप्रिल १९४८ रोजी पूर्व पंजाबने पाकिस्तानात जाणाऱ्या कालव्यांचे पाणी काही आठवडे रोखले, तेव्हा कराचीपासून लंडनपर्यंत ओरड झाली. हेच शस्त्र दुसऱ्याच्या हाती असते आणि त्याच्या टोकावर बिकानेर असते, तर ओरड करायला कोण आले असते? एका अभियंत्याची तळमळ आणि एका राजाची खंबीर भूमिका यांनी १९४७ च्या त्या आठवड्यात जे साधण्याचा प्रयत्न केला, ते अनेक मुत्सद्द्यांना अनेक वर्षांत साधले नाही.

राजगुरूंची चिता, मराठ्यांचे रक्त

हुसैनीवाला हे नाव महाराष्ट्राला परके असता कामा नये. २३ मार्च १९३१ रोजी लाहोरच्या कारागृहात भगतसिंग, सुखदेव आणि शिवराम हरी राजगुरू फासावर गेले. लोकक्षोभाच्या भीतीने सरकारने त्यांचे मृतदेह रातोरात याच सतलजच्या काठी आणून जाळले. पुण्याजवळच्या खेड गावचा, आजच्या राजगुरुनगरचा पुत्र या नदीच्या पाण्यात विलीन झाला आहे. फाळणीनंतर ही पवित्र भूमी पाकिस्तानकडे राहिली. १९६१ मध्ये सुलेमानकी हेडवर्क्सजवळची १२ गावे देऊन भारताने हुसैनीवालाचा परिसर मिळविला. भगतसिंगांचे सहकारी बटुकेश्वर दत्त यांनी १९६५ च्या जुलैमध्ये देह ठेवला, तेव्हा त्यांच्या इच्छेनुसार त्यांच्यावरही येथेच अंत्यसंस्कार झाले.

त्यानंतर दोनच महिन्यांनी युद्ध पेटले. सप्टेंबर १९६५ मध्ये हुसैनीवालाच्या हेडवर्क्सचे रक्षण करण्याची जबाबदारी मराठा लाइट इन्फंट्रीच्या दुसऱ्या पलटणीवर, ‘काली पांचवी’वर होती. शत्रूचा तोफमारा आणि रणगाडे यांना तोंड देत ही पलटण पाय रोवून उभी राहिली. तिचे कमांडिंग अधिकारीही या लढाईत धारातीर्थी पडले. ‘हुसैनीवाला’ हा युद्धसन्मान आज मराठा रेजिमेंटच्या ध्वजावर आहे. सह्याद्रीच्या कुशीतले ते जवान सतलजच्या काठी कशासाठी लढले? एका पुलासाठी तर खरेच, पण त्या पुलाखालून निघणाऱ्या पाण्यासाठीही लढले. वाळवंटातल्या अनोळखी शेतकऱ्याची वारी चुकू नये म्हणून सातारा-कोल्हापूरकडच्या घरांनी आपले पुत्र दिले. राष्ट्र एक आहे याचा यापेक्षा मोठा दाखला कोणत्या ग्रंथात शोधायचा?

३ डिसेंबर १९७१ च्या संध्याकाळी पाकिस्तानने येथे पुन्हा मोठा हल्ला चढविला. १५ पंजाब पलटणीने जिद्दीने झुंज दिली. शत्रूची आगेकूच रोखण्यासाठी आपल्याच सैन्याला पूल उडवावा लागला. हुतात्म्यांच्या स्मारकाची नासधूस झाली. ते १९७३ मध्ये पुन्हा उभारण्यात आले. आणि पूल? तो पक्क्या स्वरूपात पुन्हा उभा राहिला २०१८ च्या ऑगस्टमध्ये. मध्ये सत्तेचाळीस वर्षे गेली. जवानाने एका रात्रीत जे गमावले, ते भरून काढायला शासनव्यवस्थेला जवळजवळ अर्धे शतक लागले. हीच गती आपण पाण्याच्या बाबतीतही राखली.

पैसे मोजून घेतलेले पाणी

१९ सप्टेंबर १९६० रोजी कराचीत सिंधू पाणीवाटप करारावर पंडित नेहरू आणि अयूब खान यांच्या सह्या झाल्या. पश्चिमेकडील सिंधू, झेलम आणि चिनाब या मोठ्या नद्या मुख्यतः पाकिस्तानला गेल्या; पूर्वेकडील रावी, बियास आणि सतलज भारताला मिळाल्या. एवढ्यावर हे औदार्य थांबले नाही. पाकिस्तानने आपल्या कालव्यांची पर्यायी व्यवस्था करावी म्हणून भारताने ६ कोटी २० लाख ६० हजार पौंड देण्याचे मान्य केले. ही रक्कम दहा समान वार्षिक हप्त्यांत द्यायची होती. त्या दहा वर्षांत १९६५ चे युद्धही येऊन गेले, हे विसरता येत नाही. सारांश, सतलजचे पाणी आपल्याला कोणी दान दिलेले नाही. ते आपण रोख पैसे मोजून घेतले आहे.

आता दोन्हीकडचा हिशेब पाहा. पाकिस्तानने या निधीतून आणि मित्रराष्ट्रांच्या मदतीतून जोडकालव्यांचे जाळे विणले, १९६७ मध्ये मंगला धरण पूर्ण केले आणि पुढे सत्तरच्या दशकात तरबेला उभारले. ज्याच्याकडून शिकणे आपल्याला आवडत नाही, त्याच्याकडूनही ही एक गोष्ट शिकण्यासारखी होती. आपण काय केले? भाक्रा उभे राहिले, बियास वळविली गेली, हरिके येथून वाळवंटाकडे दुसरा मोठा कालवा निघाला. ती कामे मोठीच आहेत आणि त्यांचे श्रेय नाकारणे कृतघ्नपणाचे ठरेल. परंतु रावीचे पाणी अडविणारे शाहपूर कंडी धरण १९७९ पासून कागदावर घोटाळत राहिले. त्यात पाणी साठू लागले ते २०२४ मध्ये. तोपर्यंत आपल्या हक्काचे पाणी वर्षानुवर्षे सीमेपलीकडे वाहून गेले. ते कोणा शत्रूने पळविले नाही. पंजाब आणि जम्मू-काश्मीर या आपल्याच दोन राज्यांच्या भांडणात आणि दिल्लीच्या आळसात ते वाहून गेले.

हरिकेहून निघालेल्या त्या दुसऱ्या कालव्याची कल्पनाही कंवर सेन यांचीच. १९४८ मध्ये त्यांनी तिचा आराखडा मांडला. ३१ मार्च १९५८ रोजी गोविंद वल्लभ पंत यांच्या हस्ते राजस्थान कालव्याची पायाभरणी झाली. १९८४ नंतर त्याला इंदिरा गांधींचे नाव मिळाले. २०४ किलोमीटरचा फीडर आणि ४४५ किलोमीटरचा मुख्य कालवा, अशी ६४९ किलोमीटरची ही पाण्याची रेषा पाकिस्तानच्या सीमेला बव्हंशी समांतर जाते. तिचे पाणी जैसलमेर जिल्ह्यातील मोहनगडला पोहोचले ते १९८७ च्या आरंभी. आज पश्चिम राजस्थानातील अनेक जिल्ह्यांची तहान या पाण्यावर भागते. सीमेवरच्या ठाण्यांनाही त्याचा आधार आहे. गंग कालवा हा या साऱ्याचा वडील बंधू. त्याने वाट दाखविली म्हणून धाकट्याला जैसलमेर गाठता आले.

टेलचा शेतकरी

कालव्याच्या तोंडाशी बसलेल्याला पाणी मोजावे लागत नाही; टोकाला बसलेल्याला ते थेंबाथेंबाने मोजावे लागते. महाराष्ट्रातील ज्या वाचकांनी आवर्तनाच्या वेळी शेवटच्या चारीवर रात्र काढली असेल, त्यांना हे निराळे सांगण्याची गरज नाही. श्रीगंगानगर, अनुपगड आणि घडसाणा या भागांत टेल आणि सीमा जवळजवळ एकाच ठिकाणी येतात. तारेच्या कुंपणाजवळचा शेतकरी हाच कालव्याचा शेवटचा शेतकरी आहे. त्याचा मोघा कोरडा राहिला तर तो कर्ज काढील, एक हंगाम सोसेल, दोन हंगाम सोसेल. तिसऱ्या हंगामाला त्याचा मुलगा जयपूर किंवा सुरतेची गाडी धरील. त्यानंतर कुंपणालगत उरेल ती ओसाड वाळू आणि एकटा पहारेकरी.

सीमेचे रक्षण केवळ सैनिक करतो, हा एक गोड गैरसमज आहे. सैनिक सीमा राखतो. सीमा जिवंत ठेवतो तो तेथे नांदणारा माणूस. कोण अनोळखी गावात शिरला, रात्री कुठला दिवा हलला, वाळूवर कुणाच्या पावलांचे ठसे आहेत, हे प्रथम त्याला कळते. १९४७ मध्ये पश्चिम पंजाबातून सर्वस्व गमावून आलेली कितीतरी हिंदू आणि शीख कुटुंबे या कालव्याच्या काठी वसली. ज्यांनी एकदा सीमा अंगावरून जाताना पाहिली, त्यांनी पुन्हा सीमेलगतच घर बांधले. कारण तेथे पाणी होते. हे पाणी त्यांच्यापर्यंत पोहोचविणे हे जलसंपदा खात्याचे नव्हे, संरक्षण खात्याचे काम मानले पाहिजे.

प्रत्यक्षात काय घडले? २००४ मध्ये घडसाणा आणि रावला परिसरात शेतकरी पाण्यासाठी रस्त्यावर उतरले. सरकारने त्यांना पाण्याऐवजी संचारबंदी दिली आणि त्या वर्षीच्या ऑक्टोबरात गोळीबारात आंदोलकांचे बळी गेले. त्या वेळी जयपुरात सत्ता कोणाची होती, हा प्रश्न येथे गौण आहे. टेलच्या शेतकऱ्याच्या वाट्याला सर्व रंगांच्या सरकारांकडून सारखीच उपेक्षा आली. स्वतःला राष्ट्रवादी म्हणविणाऱ्यांनी हे सर्वांत आधी कबूल केले पाहिजे. राष्ट्रवादाची परीक्षा सीमेवरच्या सभेत होत नाही. सीमेवरच्या मोघ्यात पाणी आले की नाही, यावर होते.

जे पाणी येते, तेही कोणते? लुधियानाच्या कारखान्यांचे आणि शहराचे सांडपाणी बुढा नाल्यातून सतलजमध्ये मिसळते आणि हरिकेमार्गे कालव्यांत उतरते. काळे, दुर्गंधीयुक्त पाणी पाहून श्रीगंगानगर आणि हनुमानगडचे लोक वारंवार रस्त्यावर आले. नोव्हेंबर २०१८ मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने सतलज-बियासच्या प्रदूषणाबद्दल पंजाब सरकारला ५० कोटी रुपयांचा दंड ठोठावला. ज्या नदीकाठी हुतात्म्यांच्या चिता जळल्या, तिला गटार करून आपण ते पाणी आपल्याच बांधवांना पाजतो. याला कोणता शत्रू जबाबदार आहे?

‘पाण्याला देश नसतो’ म्हणणाऱ्यांसाठी

या विषयावर तीन प्रकारचे आक्षेप घेतले जातात.

पहिला आक्षेप विश्वबंधुत्ववाद्यांचा. नद्यांना सीमा कळत नाहीत, म्हणून पाण्याचे राजकारण करू नये, असे ते म्हणतात. नदीला सीमा कळत नाही, हे खरे. हेडवर्क्सला मात्र ती कळते. तेथील दरवाजा कोणीतरी उघडतो आणि कोणीतरी बंद करतो. तो हात कोणाचा असावा, हाच तर प्रश्न आहे. १९४७ मध्ये तो हात परका झाला असता, तर हे विद्वान आज वाळवंटात जाऊन विश्वबंधुत्वाची व्याख्याने देऊ शकले असते काय?

दुसरा आक्षेप प्रांताभिमान्यांचा. नदी ज्या राज्यातून वाहते त्याचेच तिच्यावर स्वामित्व, राजस्थान हा नदीकाठचा प्रांत नाही, त्याला पाणी का द्यावे, असे पंजाबात उघडपणे बोलले जाते. जुलै २००४ मध्ये तर पंजाब विधानसभेने शेजारी राज्यांशी झालेले पाणीकरार रद्द करणारा कायदाच संमत केला. नोव्हेंबर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो घटनाबाह्य असल्याचे मत दिले. पंजाबच्या शेतकऱ्याचे दुःख खोटे नाही. त्याच्या विहिरी खोल जात आहेत आणि त्याने देशाचे कोठार भरले आहे. परंतु १९२० मध्ये परकीय सत्तेसमोर जे तत्त्व मान्य झाले, ते एका मातेची लेकरे म्हणविणाऱ्यांनी नाकारावे काय? नदीवर एकाच प्रांताची मालकी असती, तर हुसैनीवालाच्या रक्षणासाठी महाराष्ट्राने आपली मुले पाठविण्याचे कारण नव्हते.

तिसरा आक्षेप पर्यावरणवाद्यांचा आहे आणि त्यात तथ्य आहे, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. वाळवंटात बेसुमार पाणी सोडल्याने अनेक ठिकाणी जमिनी पाणथळ आणि खारवट झाल्या. तिकडे या रोगाला ‘सेम’ म्हणतात. वाळवंटात भात लावणे हा शहाणपणा नव्हे. परंतु रोगावरचा उपाय म्हणजे रोग्याला उपाशी मारणे नव्हे. शेतात डिग्गी खोदून वारीचे पाणी साठविणे, तुषार आणि ठिबक पद्धतीने ते पिकाला देणे, निचऱ्याची व्यवस्था करणे, हे मार्ग तेथील जाणत्या शेतकऱ्यांनी स्वीकारले आहेत. दोष कालव्याचा नाही. कालवा खोदून त्याच्याकडे पाठ फिरविणाऱ्यांचा आहे.

घोषणा पुरे, अस्तर हवे

सप्टेंबर २०१८ मध्ये केंद्र सरकारने सरहिंद आणि राजस्थान फीडर यांच्या नव्या अस्तरीकरणासाठी सुमारे ८२६ कोटी रुपयांच्या साहाय्यास मंजुरी दिली. हे योग्य दिशेचे पाऊल होते. परंतु कालवा हा देवळासारखा असतो. एकदा बांधून भागत नाही, नित्य पूजा लागते. गळती, गाळ, फुटलेले काठ, चोरून टाकलेले पाइप आणि बंद पडलेले दरवाजे यांची दैनंदिन देखभाल हीच ती पूजा. ती चुकली की काय होते, हे ऑगस्ट २०२५ मध्ये रावीवरच्या माधोपूर येथे दिसले. महापुरात तेथील बंधाऱ्याचे दरवाजे मोडून पडले. १९४८ मध्ये ज्या माधोपूरच्या आणि फिरोजपूरच्या दरवाजांनी पाकिस्तानची झोप उडविली होती, त्यांतल्या एका ठिकाणचे दरवाजे आपल्याच पाण्यापुढे टिकले नाहीत. त्याच पुरात सतलजने फिरोजपूर आणि फाजिल्काच्या सीमावर्ती गावांत हाहाकार माजविला. उन्हाळ्यात टेलला पाणी नाही आणि पावसाळ्यात दारात नदी, अशी सीमेवरच्या माणसाची दुहेरी परवड आहे.

चिनाबचे पाणी वळवू, झेलम अडवू, हे संकल्प स्वागतार्ह आहेत. परंतु धरणे आणि बोगदे घोषणेने होत नाहीत. त्यांना वर्षे लागतात, पैसा लागतो आणि सर्वांत अधिक लागते ते सातत्य. ज्यांनी पूर्वेकडच्या नद्यांच्या बाबतीत ते सातत्य दाखविले नाही, त्यांच्या पश्चिमेकडच्या गर्जना शत्रू गांभीर्याने का घेईल? सिंधू करार स्थगित करण्याचा खरा अर्थ शत्रूला समजेल तो सतलजचा आपला वाटा शेवटच्या चकापर्यंत स्वच्छ आणि वेळेवर पोहोचलेला दिसेल त्या दिवशी.

म्हणून मागण्या साध्या आहेत. हुसैनीवाला, हरिके आणि माधोपूर ही ठिकाणे राष्ट्रीय संरक्षणाच्या दृष्टीने महत्त्वाची मानून त्यांच्या देखभालीसाठी स्वतंत्र व कायमचा निधी असावा. बुढा नाल्याचे एक थेंबही अशुद्ध पाणी सतलजमध्ये जाऊ नये. कालव्याच्या टोकाला किती पाणी पोहोचले, याचा आकडा दर आवर्तनाला जाहीर व्हावा. आणि महाराष्ट्रातून जे तरुण दरवर्षी २३ मार्चला राजगुरूंचे स्मरण करतात, त्यांनी एकदा तरी हुसैनीवालाला जावे. समाधीवर फूल वाहावे आणि तेथून कालव्याच्या काठाने शेवटच्या गावापर्यंत जावे.

गंगासिंहांनी छप्पनियाचे मरण पाहून पाव शतक वाट पाहिली, पण नदी आणलीच. कंवर सेन यांनी नकाशावरची एक रेषा सरकावी म्हणून दिल्ली गाठली. काली पांचवीने त्या रेषेवर रक्त सांडले. त्या तिघांनी आपले काम पूर्ण केले आहे. उरले आहे ते फक्त पाणी टोकापर्यंत नेण्याचे. तेवढेही आपल्याला जमणार नसेल, तर शत्रूला दोष देण्याचा अधिकार आपण कोणत्या तोंडाने सांगणार?